स्ट्रेच व बॉबीटो : न्यूयॉर्कच्या हिपहॉप नभोवाणीतील एक प्रकरण (१९९०–१९९८)

१. विषयप्रवेश

संगीताचा इतिहास लिहिताना गायक, वादक आणि रचनाकार यांना अग्रस्थान मिळते, हे स्वाभाविकच आहे. त्यांच्या पाठोपाठ आश्रयदात्यांचा उल्लेख होतो. परंतु ज्यांनी स्वतः काही गायिले नाही, ज्यांच्यापाशी आश्रय देण्याजोगे द्रव्य नव्हते, आणि तरीही ज्यांच्यामुळे एका पिढीच्या संगीताला वळण लागले, अशा माणसांची नोंद कोणत्या सदराखाली करावयाची, हा प्रश्न इतिहासलेखकापुढे क्वचितच येतो. न्यूयॉर्क शहरात इ. स. १९९० ते १९९८ या काळात 'स्ट्रेच आर्मस्ट्राँग' आणि 'बॉबीटो' या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या दोघा डीजेंच्या कार्यामुळे तो प्रश्न उपस्थित होतो.

डीजे म्हणजे तबकड्यांची निवड करून त्या वाजविणारा. वरवर पाहता हे काम सेवकाचे आहे. संगीत दुसऱ्याचे, यंत्र दुसऱ्याचे, आणि श्रेयही बहुधा दुसऱ्याचेच. तथापि हिपहॉप या कलाप्रकाराचा उगम गायकापासून झालेला नसून डीजेपासून झालेला आहे. त्यामुळे या दोघांच्या कार्याचा विचार करण्यापूर्वी डीजेचे मूळ स्थान कोणते होते व ते कसे ढळले, हे थोडक्यात पाहणे अवश्य आहे.

२. पूर्वपीठिका

ता. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स विभागातील १५२०, सेजविक अ‍ॅव्हेन्यू या इमारतीच्या सभागृहात क्लाइव्ह कँबेल ऊर्फ 'कूल हर्क' या जमैकात जन्मलेल्या तरुणाने आपल्या बहिणीच्या मेजवानीत तबकड्या वाजविल्या. हिपहॉपचा प्रारंभ या प्रसंगापासून मानण्याची प्रथा आहे. नर्तकांना गाण्याच्या शब्दांपेक्षा मधला केवळ तालाचा तुकडा अधिक प्रिय आहे, हे हर्क याने हेरले होते. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून, एकीवरील तालाचा तुकडा संपताच दुसरीवरील तोच तुकडा सुरू करावयाचा, अशी युक्ती त्याने रूढ केली. काही क्षणांचा तुकडा अशा रीतीने कितीही वेळ लांबविता येऊ लागला. पुढे 'ग्रँडमास्टर फ्लॅश' याने या क्रियेत घड्याळाची अचूकता आणली आणि 'ग्रँड विझर्ड थिओडोर' याने सुईखालील तबकडी हाताने मागेपुढे घासून नवा नाद काढण्याची रीत शोधली. तबकडी हे ऐकण्याचे साधन होते. या तिघांच्या हाती ते वाद्य बनले.

या तालावर यमकबद्ध बोल म्हणणारा निवेदक प्रारंभी डीजेचा साहाय्यक होता. परंतु १९७९ साली 'रॅपर्स डिलाइट' ही तबकडी निघाली, खपली, आणि चित्र पालटले. तबकडीवर विकावयाचा तो आवाज. त्या गाण्यातील साथ तर डीजेने न वाजविता स्टुडिओतील वादकांनी वाजविली होती. निवेदकाचा 'रॅपर' झाला, त्याचे नाव वेष्टनावर आले, आणि डीजे हळूहळू मागे सरला. ज्याच्या घरी कार्य, तोच पाहुणा व्हावा, असा हा प्रकार होता.

डीजेला पुन्हा स्वतंत्र स्थान मिळाले ते नभोवाणीत. १९७९ पासून 'मिस्टर मॅजिक' हा निवेदक डब्ल्यूएचबीआय या केंद्रावर, जेथे पैसे भरून वेळ विकत घेता येत असे, रॅपच्या तबकड्या वाजवू लागला. पुढे डब्ल्यूबीएलएस या मोठ्या व्यापारी केंद्राने त्याला बोलावून घेतले, आणि तेथे त्याला मार्ली मार्ल या कुशल डीजेची जोड मिळाली. प्रतिस्पर्धी 'किस' केंद्रावर १९८३ पासून 'रेड अ‍ॅलर्ट' हा डीजे उभा राहिला. या दोन केंद्रांतील चुरशीने १९८०–९० या दशकातील न्यूयॉर्कचे हिपहॉप घडले, असे म्हणावयास हरकत नाही. तिसरी वाट महाविद्यालयीन नभोवाणीची होती. लाँग आयलंडवरील अडेल्फी विद्यापीठाच्या डब्ल्यूबीएयू या केंद्रावर १९८०–९० या दशकाच्या आरंभी जी मंडळी एकत्र आली, त्यांतूनच पुढे 'पब्लिक एनिमी' हा गट निर्माण झाला. व्यापारी केंद्राला जाहिरातदाराची मर्जी राखावी लागते. विद्यार्थ्यांच्या केंद्राला ती चिंता नसते. स्ट्रेच व बॉबीटो यांचा कार्यक्रम या तिसऱ्या वाटेने पुढे गेला.

३. विद्यापीठ, केंद्र आणि परिसर

डब्ल्यूकेसीआर हे कोलंबिया विद्यापीठाचे विद्यार्थ्यांनी चालविलेले नभोवाणी केंद्र आहे. १९४१ साली त्यास परवाना मिळाला. ज्या तंत्राने ते प्रक्षेपण करते, त्या एफ.एम. तंत्राचा शोध याच विद्यापीठातील प्राध्यापक एडविन आर्मस्ट्राँग यांनी लावला आणि १९३३ साली त्याची एकस्वे त्यांना मिळाली. अर्ध्या शतकानंतर त्याच केंद्रावर 'आर्मस्ट्राँग' हे टोपणनाव धारण करणारा विद्यार्थी प्रसिद्धीस यावा, हा केवळ योगायोग होय. ते नाव प्राध्यापकांवरून आलेले नसून ताणले असता लांबणाऱ्या एका खेळण्यातील बाहुल्यावरून आलेले होते. जॅझ संगीताचे सांगोपांग व अभ्यासपूर्ण प्रक्षेपण हे या केंद्राचे वैशिष्ट्य. केंद्रावर जाहिराती नव्हत्या. खपाच्या यादीप्रमाणे गाणी वाजविण्याचे बंधन नव्हते. आणि निवेदकांना वेतनही नव्हते.

कोलंबिया विद्यापीठ मॉर्निंगसाइड हाइट्स या उंचवट्यावर वसलेले आहे. त्याच्या पायथ्याशी मॉर्निंगसाइड पार्क आणि त्यापलीकडे हार्लेम. उंचवट्यावरील संपन्न विद्यापीठ व खालची कृष्णवर्णीयांची वस्ती यांचा संबंध सदैव सलोख्याचा होता, असे नाही. १९६८ साली विद्यापीठाने त्या सार्वजनिक उद्यानाच्या जागेत व्यायामशाळा बांधावयास घेतली, तेव्हा हार्लेमच्या रहिवाशांनी व विद्यार्थ्यांनी तिला कडाडून विरोध केला. विद्यार्थ्यांनी इमारती ताब्यात घेतल्या, पोलिसांना पाचारण करण्यात आले, आणि अखेर ती योजना सोडून द्यावी लागली. उद्यानातून विद्यापीठात शिरण्याचा मार्ग कोणासाठी, हा त्या वादाचा एक गाभा होता. पुढील विवेचनात ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. कारण बावीस वर्षांनंतर हार्लेम, क्वीन्स, ब्रुकलिन आणि स्टेटन आयलंड येथील तरुण ज्या विद्यापीठात मध्यरात्रीनंतर येऊ लागले, ते हेच विद्यापीठ.

४. दोन व्यक्ती, एक कार्यक्रम

स्ट्रेच आर्मस्ट्राँग याचे मूळ नाव एड्रियन बार्टोस. मॅनहॅटनमध्ये वाढलेला हा गौरवर्णी तरुण कोलंबियाचा विद्यार्थी होता आणि शहरातील नृत्यगृहांत डीजे म्हणून काम करीत असे. बॉबीटो म्हणजे रॉबर्ट गार्सिया. त्याचा जन्म १९६६ साली न्यूयॉर्कमध्ये, प्वेर्तो रिकोहून आलेल्या कुळात झाला. वेस्लियन विद्यापीठातून पदवी घेतल्यानंतर तो 'डेफ जॅम' या विख्यात ध्वनिमुद्रण-कंपनीच्या प्रचार-विभागात नोकरीस लागला. नव्या तबकड्या डीजेंपर्यंत पोहोचविणे हे त्याचे काम. त्या कामातूनच दोघांचा परिचय झाला. ता. २५ ऑक्टोबर १९९० रोजी त्यांचा संयुक्त कार्यक्रम सुरू झाला. वेळ आठवड्यातून एकदा, गुरुवारची, रात्री १ ते पहाटे ५.

ही वेळ दुसऱ्या कोणास नको होती, म्हणून ती मिळाली. परंतु तिचे लाभ लवकरच दिसून आले. चार तासांचा अवधी सलग मिळत असल्यामुळे एखाद्या अनोळखी पाहुण्यास दहा मिनिटे देणे परवडत असे. अमेरिकन नभोवाणीच्या नियमांत असभ्य भाषेविषयी रात्री उशिराच्या प्रक्षेपणास जी सवलत आहे, तिचाही उपयोग झाला. नृत्यगृहांतून, कामावरून वा रस्त्यावरून येणाऱ्या कलावंतांना तोच काळ मोकळा असे.

कार्यक्रमातील श्रमविभाग प्रारंभी स्पष्ट होता. तबकड्या निवडणे व मिसळणे हे बार्टोसकडे. बोलणे, पाहुण्यांना खेळविणे, दूरध्वनीवरील श्रोत्यांची थट्टा करणे हे गार्सियाकडे. पुढे गार्सियाही डीजे म्हणून नावारूपास आला. 'लॉर्ड सिअर' हा तिसरा आवाज नित्याचा होऊन गेला. गंभीर रसग्रहण आणि निखळ चेष्टा यांचे विलक्षण मिश्रण या कार्यक्रमात असे. अगदी नव्या, अद्याप बाजारात न आलेल्या तबकडीनंतर एखादा निरर्थक विनोद पाच मिनिटे चाले. श्रोत्याला आपण एखाद्या मित्राच्या खोलीत बसलो आहोत असे वाटावे, हा त्याचा परिणाम.

येथे एका तांत्रिक बाबीचा उल्लेख आवश्यक आहे. त्या काळी रॅपचे गाणे बारा इंची तबकडीवर निघे व तीवर बहुधा त्याच गाण्याची शब्दविरहित आवृत्तीही असे. डीजे ती शब्दविरहित आवृत्ती दोन प्रतींच्या साहाय्याने अखंड चालू ठेवी आणि समोरचा पाहुणा तीवर आपले बोल म्हणे. हर्कने १९७३ साली मेजवानीत वापरलेली युक्तीच येथे नभोवाणीच्या खोलीत पुन्हा उपयोगात आली. ज्याच्यापाशी स्वतःची तबकडी नाही, स्वतःचे संगीतही नाही, अशा तरुणाला यामुळे केवळ आपल्या शब्दांच्या बळावर उभे राहता येई. या प्रकारास 'फ्रीस्टाइल' म्हणतात. त्यातील काही बोल आयत्या वेळी सुचलेले, काही आधी रचून पाठ केलेले पण कोठेही मुद्रित न झालेले असत. एकापाठोपाठ एक रॅपर जेव्हा ईर्ष्येने सरसावत, तेव्हा मराठी वाचकास कलगी-तुऱ्याच्या फडाची आठवण व्हावी, असा रंग भरे.

५. अपरिचितांचे व्यासपीठ

या कार्यक्रमाची कीर्ती मुख्यतः ज्या गोष्टीवर अधिष्ठित आहे ती ही की, अनेक कलावंत कोणत्याही कंपनीशी करारबद्ध होण्यापूर्वी येथे ऐकू आले. नास, नोटोरियस बी.आय.जी., वू-टँग क्लॅन, मॉब डीप, फ्यूजीज, बिग पन, डीएमएक्स, जे-झी ही नावे त्या यादीत नेहमी येतात. क्वीन्सब्रिजच्या सरकारी वसाहतीतील नास याचा 'इल्मॅटिक' हा संग्रह १९९४ साली निघाला. त्यास प्रसिद्ध करणारी कोलंबिया ही कंपनी आणि कोलंबिया विद्यापीठ यांचा परस्परांशी काही संबंध नाही, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. स्टेटन आयलंडच्या वू-टँग क्लॅनने १९९२–९३ च्या सुमारास 'प्रोटेक्ट या नेक' ही तबकडी स्वखर्चाने छापली होती. ती प्रथम वाजविणाऱ्या कार्यक्रमांत याची गणना होते. त्या गटाचा पहिला संग्रह १९९३ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाला.

परंतु अशी यादी देऊन थांबणे इतिहासाच्या दृष्टीने धोक्याचे आहे. पुढे जे थोर झाले त्यांचीच नावे मागाहून आठवली जातात, आणि त्या आठवणीच्या प्रकाशात जुना प्रसंग मुळात नसलेला अर्थ धारण करू लागतो. याचे उत्तम उदाहरण १९९५ च्या फेब्रुवारीतील एका प्रक्षेपणाचे आहे. त्या रात्री हार्लेमचा लामाँट कोलमन ऊर्फ 'बिग एल' हा आपल्यासमवेत ब्रुकलिनच्या जे-झी यास घेऊन आला. दोघांनी आळीपाळीने सात-आठ मिनिटे बोल म्हटले. या प्रसंगाचे ध्वनिमुद्रण आजही हिपहॉपप्रेमींत अत्यंत प्रिय आहे, आणि आज ते ऐकणारा पुष्कळदा एका भावी सम्राटाचा प्रथम दरबार म्हणून ऐकतो.

त्या रात्रीची वस्तुस्थिती निराळी होती. दोघांपैकी मान्यवर होता तो बिग एल. त्याचा मोठ्या कंपनीशी करार झालेला होता आणि त्याचा पहिला संग्रह महिन्याभरात, मार्च १९९५ अखेर, बाहेर पडणार होता. जे-झी हा वयाने मोठा असूनही स्वतःच्या संग्रहाविना होता. कोणतीही मोठी कंपनी त्यास घेईना, म्हणून त्याने सहकाऱ्यांसह स्वतःची कंपनी काढली व १९९६ च्या जूनमध्ये 'रीझनेबल डाउट' प्रसिद्ध केला. पुढे तो या क्षेत्रातील सर्वांत धनाढ्य कलावंतांपैकी एक झाला. बिग एल याची ता. १५ फेब्रुवारी १९९९ रोजी हार्लेममध्ये गोळ्या घालून हत्या झाली. त्या वेळी तो २४ वर्षांचा होता. त्याचा दुसरा संग्रह २००० साली, त्याच्या मृत्यूनंतर निघाला. एका खोलीत, एका ध्वनिक्षेपकासमोर उभ्या असलेल्या दोघांच्या वाटा चार वर्षांत इतक्या भिन्न झाल्या. ती मुद्रिका आज ऐकताना कोणाकडे कान लावावयाचा, हे श्रोत्याची नंतरची माहिती ठरविते. त्या रात्री दोघांनाही समान तबकडी, समान वेळ आणि समान थट्टा मिळाली होती, आणि कार्यक्रमाचे खरे मूल्य त्या समानतेत आहे.

६. नाकारलेल्यांचा आसरा

कार्यक्रमाचे दुसरे अंग तितकेच महत्त्वाचे, परंतु कमी चर्चिले गेलेले आहे. करार होण्यापूर्वीच्या कलावंतांप्रमाणेच करार तुटलेल्यांनाही येथे स्थान होते. १९९५ साली गार्सियाने 'फाँडल 'एम' नावाची लहानशी ध्वनिमुद्रण-कंपनी स्थापन केली. तिची पहिली तबकडी 'सेनोबाइट्स' या जोडीची होती. कूल कीथ व गॉडफादर डॉन यांची ही गाणी मुळात याच कार्यक्रमाच्या जाहिरातीदाखल तयार झालेली होती. कार्यक्रमासाठी सहज केलेली गोष्ट तबकडीच्या रूपाने टिकाऊ झाली, हा क्रम लक्षणीय आहे.

या कंपनीच्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण डॅनियल डुमिले याचे होय. तो आपल्या धाकट्या भावासमवेत 'केएमडी' या गटात होता. १९९१ साली त्यांचा पहिला संग्रह निघाला. १९९३ मध्ये भाऊ रस्त्यावरील अपघातात मृत्यू पावला. पुढील वर्षी दुसऱ्या संग्रहाच्या वेष्टनावरील चित्रावरून वाद झाला, आणि इलेक्ट्रा कंपनीने संग्रह रद्द करून गटास मुक्त केले. डुमिले काही वर्षे दृष्टिआड झाला. परत आला तो मुखवटा धारण करून, 'एमएफ डूम' या नावाने. १९९७ पासून त्याच्या तबकड्या फाँडल 'एम ने काढल्या आणि १९९९ साली 'ऑपरेशन : डूम्सडे' हा संग्रह प्रसिद्ध केला. डूम ३१ ऑक्टोबर २०२० रोजी निवर्तला, तेव्हा त्याची गणना या कलेतील श्रेष्ठ शब्दशिल्प्यांत होत होती. मोठ्या कंपनीने ज्यास मोडीत काढले, त्यास आठवड्यातून एकदा मध्यरात्री बोलणाऱ्या एका निवेदकाच्या छोट्या कंपनीने पुनः उभे केले. फाँडल 'एम चे काम २००१ साली थांबले.

७. बाजाराशी असलेले नाते

वरील विवेचनावरून हा कार्यक्रम बाजारापासून सर्वस्वी अलिप्त होता, असा समज होण्याचा संभव आहे. तो बरोबर नाही. कार्यक्रमाच्या आरंभी गार्सिया हा डेफ जॅमचा नोकर होता. बार्टोसचाही ध्वनिमुद्रण-व्यवसायाशी निकटचा संबंध राहिला. आपल्या तबकड्या येथे वाजाव्यात अशी खटपट कंपन्या करीत, आणि कोणते नवे आवाज उदयास येत आहेत हे जाणण्यासाठी त्याच कंपन्यांची माणसे रात्री जागत. कार्यक्रम विनामूल्य होता; परंतु त्याने दिलेली मान्यता लवकरच मूल्यवान झाली. व्यासपीठ बाजाराच्या बाहेर उभे होते, तरी त्याचे एक दार बाजारातच उघडत होते, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

दरम्यान बाजारही स्थिर नव्हता. १९९२ ते १९९४ या काळात 'हॉट ९७' हे व्यापारी केंद्र नृत्यसंगीताकडून हिपहॉपकडे वळले आणि जी कला रात्रीच्या उरलेल्या तासांत राहत होती ती दिवसाढवळ्या ऐकू येऊ लागली. १९९६ साली अमेरिकेत दूरसंचारविषयक नवा कायदा झाला. एका मालकाने देशभरात किती नभोवाणी केंद्रे बाळगावीत यावरील मर्यादा त्याने काढून टाकली. थोड्याच वर्षांत शेकडो केंद्रे मोजक्या कंपन्यांच्या हाती गेली, आणि गाण्यांची निवड डीजेकडून निघून वरिष्ठ कार्यालयांकडे गेली. हिपहॉप अभूतपूर्व लोकप्रिय झाले, आणि त्याच वेळी त्याची निवड करणारा स्थानिक माणूस दुर्बळ झाला. नव्वदीच्या उत्तरार्धात स्ट्रेच व बॉबीटो यांनी हॉट ९७ वरही कार्यक्रम केला. परंतु त्यांची कीर्ती विद्यापीठातील केंद्राशीच निगडित राहिली.

'द सोर्स' या हिपहॉपविषयक प्रमुख मासिकाने १९९८ साली त्यांच्या कार्यक्रमास आजवरचा सर्वोत्तम हिपहॉप नभोवाणी कार्यक्रम म्हणून गौरविले. त्याच वर्षी तो संपुष्टात आला. दोघांच्या रुची भिन्न दिशांना जाऊ लागल्या होत्या आणि नव्या तबकड्यांविषयीचा पूर्वीचा उत्साह दोघांत सारखा उरला नव्हता. गार्सिया त्याच केंद्रावर पुढे काही काळ कार्यक्रम करीत राहिला. १९६० ते १९८७ या काळातील न्यूयॉर्कच्या क्रीडापादत्राणांच्या संस्कृतीवर त्याने लिहिलेला ग्रंथ २००३ साली प्रसिद्ध झाला. आपल्या शहराच्या लहानसहान सवयींचा इतिहास जपण्याची वृत्ती त्यातही दिसते. दोघे पुन्हा एकत्र आले ते बऱ्याच वर्षांनी. २०१७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय सार्वजनिक नभोवाणीसाठी त्यांनी मुलाखतींची मालिका सुरू केली, आणि २०२० साली वाद्यवृंदासह 'नो रिक्वेस्ट्स' हा संग्रह काढला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तबकड्या वाजविणाऱ्यांची ही स्वतःची एकत्रित तबकडी.

८. साधनांचा विचार

या कार्यक्रमाच्या अभ्यासकापुढे साधनांची अडचण आहे. नभोवाणीचा शब्द उच्चारताच विरतो. या कार्यक्रमाचा जो भाग आज उपलब्ध आहे, तो मोठ्या अंशी श्रोत्यांनी घरी ध्वनिफितींवर उतरून घेतल्यामुळे. या फितींच्या प्रती निघाल्या, हातोहात फिरल्या, दुसऱ्या शहरांत व परदेशांत पोहोचल्या. पुढे त्यांचे संगणकीय रूपांतर झाले. ज्या केंद्राचा आवाज न्यूयॉर्कच्या परिसरापलीकडे जात नव्हता, त्याचा कार्यक्रम जगभर परिचित झाला तो या मार्गाने. तुरुंगातील बंदीही या कार्यक्रमाच्या श्रोत्यांत होते, हेही येथे नमूद केले पाहिजे. विद्यापीठाच्या भिंती ओलांडून आत येणाऱ्या कलावंतांचा आवाज दुसऱ्या, अधिक उंच भिंती ओलांडून आत जात होता.

परंतु फितीच्या साक्षीला मर्यादा आहेत. प्रचारातील नव्वद मिनिटांच्या फितीची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. चार तासांचा कार्यक्रम संपूर्ण उतरवावयाचा तर जवळजवळ तीन फिती लागणार आणि पाच वेळा उठून फीत उलटावी वा बदलावी लागणार. रात्री तीन वाजता हे करण्यास श्रोता जागा असेलच असे नाही. शिवाय कित्येक जण नको असलेला मजकूर टाळून केवळ आवडते गाणे टिपत. म्हणून जे उरले आहे त्यात निवड आहे, आणि ती निवड अनामिक श्रोत्यांनी केलेली आहे. ज्या पाहुण्याचे बोल कोणी टिपले नाहीत, तो इतिहासातून नाहीसा झाला. अशा पाहुण्यांची संख्या प्रसिद्धांहून अधिक असणार, हे उघड आहे.

दुसरे साधन २०१५ सालचा माहितीपट होय. त्यात अनेक कलावंतांच्या आठवणी एकत्र आलेल्या असल्यामुळे त्याचे महत्त्व मोठे आहे. तथापि त्याचे दिग्दर्शन स्वतः गार्सियाने केलेले आहे. ते चरित्र नसून आत्मचरित्र आहे, या जाणिवेने ते पाहिले पाहिजे. येथे प्रथम ऐकू आलेल्या कलावंतांच्या तबकड्यांचा एकूण खप पुढे ३० कोटींवर गेला, असा दावा त्या संदर्भात केला जातो. हा आकडा डोळे दिपविणारा आहे. पण कार्यक्रमाच्या कार्याचे ते योग्य माप नव्हे. ज्या व्यासपीठाने खपाचा विचार न करता निवड केली, त्याचे मोठेपण अखेर खपानेच सिद्ध करावयाचे, यात विसंगती आहे. त्या मापाने पाहिले तर बिग एल जे-झीपुढे नगण्य ठरेल, आणि ज्यांचे केवळ एका रात्रीचे दहा मिनिटांचे बोल एखाद्या फितीवर उरले आहेत, ते मुळीच मोजले जाणार नाहीत.

९. समारोप

कलेला राजाश्रय असावा की लोकाश्रय, ही चर्चा आपल्याकडे फार जुनी आहे. प्रस्तुत प्रकरणात जो आश्रय दिसतो तो या दोहोंत बसत नाही. विद्यापीठाने हिपहॉपला आश्रय देण्याचा ठराव केला नव्हता. व्यापाऱ्यांना ती वेळ नको होती, विद्यार्थ्यांनाही ती गैरसोयीची होती, आणि विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांपैकी त्या वेळी कोणी ऐकत असेल असे संभवत नाही. संस्थेच्या कारभारात राहून गेलेल्या या रिकाम्या जागेत दोघा तरुणांनी आठ वर्षे एक फड चालविला. त्यांचे भांडवल म्हणजे पारख, चिकाटी आणि दार उघडे ठेवण्याची तयारी. १९६८ साली ज्या उंचवट्यावर कोणी कोणत्या वाटेने यावे यावरून संघर्ष पेटला होता, तेथे या काळात हार्लेमचा तरुण रात्री एक वाजता येऊन आपले शब्द शहराला ऐकवू शकत होता.

या दृष्टीने डीजे हा सेवक नव्हे व केवळ रत्नपारखीही नव्हे. अनेकांच्या वाणीला काळ आणि स्थळ मिळवून देणारा तो मध्यस्थ आहे, आणि संगीताच्या इतिहासात अशा मध्यस्थांचे स्वतंत्र सदर असावयास हवे. त्यांच्या कार्याची सामग्री ग्रंथालयांपेक्षा सामान्य माणसांच्या कपाटांत, अर्धवट भरलेल्या फितींवर अधिक सापडते. तबकडीच्या वेष्टनावर ज्यांची नावे छापली गेली त्यांचा इतिहास बहुतांशी लिहून झाला आहे. ज्यांनी तबकडी फिरविली, आणि ज्यांची तबकडी कधी निघालीच नाही, त्यांचा इतिहास या फितींतून वाचावयाचा अद्याप उरला आहे.